कोर्लई : खाडीच्या मुखावरचा एक धर्मग्राम

सह्याद्रीत उगम पावणारी कुंडलिका नदी कोलाड आणि रोहा ही गावे मागे टाकून पश्चिमेला येते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंड्याचा तट आहे आणि दक्षिण तीरावर समुद्रात घुसलेला अरुंद, लांबट डोंगर आहे. त्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आणि डोंगराच्या पायथ्याशी त्याच नावाचे खेडे आहे. आज रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्यात मोडणाऱ्या या खेड्यात कोळ्यांच्या होड्या, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भातशेती हे कोकण किनाऱ्यावरील इतर गावांसारखेच चित्र दिसते. परंतु गावाचा एक भाग कार्मेलमातेच्या देवळाभोवती वसलेला असून तेथील कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबे घरात जी भाषा बोलतात, ती या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणत्याही गावात बोलली जात नाही. ती पोर्तुगीजपासून उत्पन्न झाली आहे आणि जवळजवळ तीनशे वर्षे पोर्तुगीज सत्तेच्या आधारावाचून टिकली आहे. किल्ले, तह आणि लढाया यांचा इतिहास कोर्लईच्या वाट्याला पुष्कळ आला, आणि तो लिहिलाही गेला आहे; त्या मानाने सत्ता गेल्यावर मागे राहिलेल्या माणसांचा इतिहास कमी सांगितला गेला. कोर्लईचे खरे महत्त्व या दुसऱ्या इतिहासात आहे.

हा इतिहास समजण्यासाठी प्रथम ‘धर्मग्राम’ ही संस्था लक्षात घ्यावी लागते. ज्या ठरावीक भूभागातील श्रद्धावंतांची जबाबदारी एका धर्मगुरूवर आणि एका देवळावर सोपवलेली असते, त्या भूभागाला युरोपात पॅरिश म्हणतात आणि मराठी कॅथलिक समाज धर्मग्राम म्हणतो. असे अनेक धर्मग्राम मिळून एका बिशपचा धर्मप्रांत होतो. इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणे सक्तीचे झाले. कॅथलिक जगात ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींना तशीच शिस्त लावली. त्यामुळे तेथील सामान्य खेड्याचा इतिहास राजाच्या दरबारातून सांगण्याऐवजी देवळाच्या वहीतून सांगता येतो. माणूस जन्मला कोठे, त्याचे लग्न कोणाशी झाले, त्याला मूठमाती कोठे मिळाली, हे सारे एका देवळाशी बांधलेले असते. पण सागराकाठच्या अशा धर्मग्रामांना समुद्राचे भयही असे. सफोक परगण्यातील डनिच हे मध्ययुगात भरभराटलेले बंदर एकेका वादळात ढासळत गेले, आणि त्याचे अखेरचे जुने देवालय विसाव्या शतकाच्या आरंभी कड्यावरून समुद्रात कोसळले. कोर्लईच्या समोरचे चौल हे बंदरही असेच लयाला गेले, मात्र तेथे जमीन जागेवर राहिली आणि वैभव गेले.

चौल हे फार जुने बंदर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात आणि टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख येतो. दहाव्या शतकाच्या प्रारंभी अल्-मसूदी हा अरब प्रवासी येथे आला, तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहारांचा अंमल होता. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याने भारताच्या भूमीवर पहिले पाऊल चौललाच ठेवले. बहमनी सत्तेनंतर हे बंदर अहमदनगरच्या निजामशाहीकडे आले. घाटावरच्या मुलखातून येणारे सुती व रेशमी कापड येथून तांबड्या समुद्राकडे आणि इराणी आखाताकडे जाई आणि तिकडून घोडे येत. कुंडलिकेच्या मुखावर ज्याचा ताबा असेल, त्याच्या हाती या साऱ्या व्यापाराची किल्ली राही, आणि त्या मुखावर सर्वांत उंच जागा होती ती कोर्लईच्या डोंगराची.

पोर्तुगीज १५०५ मध्ये चौलच्या पाण्यात प्रथम आले. तीनच वर्षांनी, १५०८ साली, इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि गुजरातच्या मलिक अयाझची गलबते यांनी मिळून चौलच्या बंदरात पोर्तुगीज आरमाराला गाठले. त्या लढाईत पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लौरेन्सो मारला गेला. मुलाच्या मृत्यूचा सूड बापाने पुढच्या वर्षी दीवच्या लढाईत घेतला आणि त्यानंतर अरबी समुद्रात पोर्तुगीजांना तोडीस तोड देणारे आरमार बराच काळ राहिले नाही. १५१६ मध्ये चौलला त्यांची वखार झाली. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने त्यांना किल्ला बांधण्याची परवानगी दिली आणि १५२४ पर्यंत तो उभा राहिला. खाडीच्या तोंडाशी वसलेले हे पोर्तुगीज चौल म्हणजे आजचे रेवदंडा. निजामशाहीचे जुने चौल त्याच्या आतल्या बाजूला होते. निजामशहाला घोडे आणि गुजरातच्या सुलतानाविरुद्ध मित्र हवा होता, पोर्तुगीजांना बंदर हवे होते. दोघांची गरज होती तोवर हा शेजार टिकला.

मात्र समोरचा डोंगर दोघांच्याही डोळ्यांत सलत होता. रेवदंड्याचा तट कितीही भक्कम असला, तरी कोर्लईच्या माथ्यावर तोफा चढवल्या की खाडीत शिरणारे प्रत्येक जहाज त्यांच्या माऱ्यात येणार हे उघड होते. १५५८ च्या सुमारास पोर्तुगीजांनी तेथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. हुसेन निजामशहाने ती नाकारली, इतकेच नव्हे तर आपणच तेथे तटबंदी करण्याची तयारी चालवली. गव्हर्नर फ्रान्सिस्को बारेतो आरमार घेऊन आला, आणि अखेर दोघांपैकी कोणीही डोंगरावर बांधकाम करू नये असा करार झाला. या करारामुळे कोर्लईचा डोंगर आणखी सुमारे तीस वर्षे मोकळा राहिला.

१५७० मध्ये दख्खनच्या राजकारणात मोठी उलथापालथ झाली. तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव केल्यानंतर आदिलशहा आणि निजामशहा यांनी कालिकतच्या सामुरीला बरोबर घेऊन पोर्तुगीजांना किनाऱ्यावरून हुसकून लावण्याचा बेत केला. आदिलशहाने गोव्याला आणि मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. चौलचा वेढा १५७० च्या अखेरीपासून पुढच्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत चालला. समुद्राच्या बाजूने मदत येत राहिल्याने शहर तगले आणि शेवटी तह होऊन वेढा उठला. अहमदनगरच्या दरबारात वाढलेला इतिहासकार फेरिश्ता या अपयशाचे खापर निजामशाही सरदारांवर फोडतो; पोर्तुगीजांनी पाठवलेल्या नजराण्यांनी, विशेषतः दारूने, ते फितले होते, असे तो लिहितो. ही तक्रार खरी असेलही, परंतु ज्याच्याकडे आरमार नाही त्याने बंदराला वेढा घालणे म्हणजे एक दार उघडे ठेवून घर कोंडण्यासारखे होते, हे कारण त्याहून वजनदार ठरते.

हाच धडा घेऊन दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने जुना करार बाजूला सारला आणि १५९२ च्या सुमारास कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारून तेथे मोठी फौज ठेवली. आता पोर्तुगीजांची जहाजे डोंगरावरच्या तोफांच्या टप्प्यात आली. दोन वर्षे चौलकरांनी हा मारा सोसला. सप्टेंबर १५९४ मध्ये, गोवा, वसई आणि इतर ठाण्यांवरून कुमक आल्यावर, सुमारे पंधराशे पोर्तुगीज आणि तितकेच एतद्देशीय सैनिक खाडी ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी उतरले. पोर्तुगीज वृत्तांतांत या हल्ल्याचा एक प्रसंग आवर्जून नोंदवलेला आहे. पायथ्याशी झालेल्या चकमकीत निजामशाही सैन्य मागे हटून दरवाजाकडे पळाले आणि पाठलाग करणारे त्यांच्याबरोबरच दारापर्यंत पोहोचले. तेथे हत्ती मरून पडला होता, त्याच्या धुडामुळे दार लावता येईना, आणि त्या अडलेल्या दारातून पोर्तुगीज आत घुसले. किल्लेदार कैद झाला, मोठी कत्तल झाली आणि एका दिवसात डोंगर हातचा गेला. ज्या जागेसाठी पोर्तुगीजांनी अनेक वर्षे वाटाघाटी केल्या होत्या, ती शत्रूनेच बांधलेल्या किल्ल्यासह त्यांना मिळाली.

या डोंगराला पोर्तुगीज ‘मोर्रो’ म्हणत. सतराव्या शतकात त्यांनी त्याची पुन्हा बांधणी केली, आणि आज दिसणारा किल्ला मुख्यतः त्या काळचा आहे. डोंगराची धार इतकी अरुंद आहे की किल्ला रुंदीत मावत नाही, तो लांबीतच पसरला आहे. धारेवर आडव्या भिंती घालून त्याचे एकामागून एक कप्पे केलेले असून प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र दरवाजा आहे. शत्रूने एक कप्पा घेतला तरी पुढच्या भिंतीवरून त्याच्यावर मारा करता यावा, ही त्यामागची योजना. बुरुजांना संतांची नावे होती. दरवाजांवर पोर्तुगीज शिलालेख कोरले होते, पिण्याच्या पाण्यासाठी टाके खोदले होते आणि माथ्यावर शिबंदीसाठी एक देऊळ बांधले होते. त्या देवळाचे छप्पर केव्हाच गेले, भिंती मात्र अजून उभ्या आहेत.

खाली रेवदंड्यात या काळात एक भरगच्च ख्रिस्ती नगर होते. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या चारही धर्मसंघांचे मठ आणि देवळे तटाच्या आत होती. त्यांचे भग्नावशेष आजही माडांच्या वाड्यांतून डोके वर काढतात, आणि फ्रान्सिस्कन देवळाचा उंच मनोरा ‘सातखणी’ म्हणून लोकांना परिचित आहे. या नगरात मूठभर पोर्तुगीज अधिकारी आणि व्यापारी होते, त्यांच्याखाली ‘कझादो’ म्हणून ओळखले जाणारे, म्हणजे येथेच लग्न करून स्थायिक झालेले, पोर्तुगीज होते, त्यांची मिश्र संतती होती, आणि सर्वांच्या तळाशी घरगडी, हमाल, शिपाई, गुलाम आणि कष्टकरी यांचा मोठा समुदाय होता. गुलामांत आफ्रिकेतून आणलेले लोकही होते. धर्मांतराचा प्रसार या तळच्या थरात सर्वाधिक झाला.

वसई आणि साष्टी येथील परिस्थितीशी तुलना केल्यास येथला फरक स्पष्ट होतो. वसईत शेती-बागायती करणाऱ्या जातींची गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. त्यांची वस्ती, नातीगोती आणि बोली जशीच्या तशी राहिली, म्हणूनच आजही तेथील ख्रिस्ती समाज सामवेदी किंवा वाडवळी बोलतो आणि मुंबईचे ईस्ट इंडियन मराठीचीच एक बोली बोलतात. चौलच्या तटाआड मात्र वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या मुलखांतली, आपापल्या कुळांपासून तुटलेली माणसे एकाच मालकाच्या घरी आणि एकाच देवळात एकत्र आली होती. त्यांना परस्परांशी आणि मालकाशी बोलायला एक भाषा हवी होती, आणि ती मालकाची भाषा झाली. पण ती शिकताना त्यांनी तिला आपल्या तोंडच्या वळणावर नेले. मालकाच्या भाषेतील शब्द आणि दुसऱ्याच भाषांच्या वळणाची रचना यांतून अशा रीतीने जी नवी मातृभाषा तयार होते, तिला भाषाशास्त्रात क्रिओल म्हणतात. दमण, दीव, वसई, मुंबई आणि चौल या सर्व ठिकाणी अशा बोली होत्या.

चौलची उतरती कळा पोर्तुगीज असतानाच लागली. डचांनी पोर्तुगीजांचा समुद्रावरचा एकाधिकार मोडला, सुरतेचा व्यापार वाढला, निजामशाही बुडाल्याने घाटावरचा जुना ग्राहक गेला. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला देऊ केले आणि १६६५ मध्ये ते प्रत्यक्ष इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यानंतर काही वर्षांतच चौलचे विणकर मुंबईत जाऊन वसू लागले. जवळच मुरूड-जंजिऱ्याला सिद्दी होता, उत्तरेला पुढे आंग्ऱ्यांचा कुलाबा उभा राहिला, आणि घाटावरून मराठ्यांचे राज्य किनाऱ्यापर्यंत पोहोचले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी पोर्तुगीजांशी उघड युद्ध पुकारले, तेव्हा पेशवे निळो मोरेश्वर यांच्या नेतृत्वाखालील फौजेने चौलला वेढा घातला. चौलवरचा ताण कमी करण्यासाठी व्हाइसरॉय फोंड्यावर चालून गेला आणि तेथे त्याचा पराभव झाला. मराठे गोव्याच्या उंबरठ्यावर आले. औरंगजेबाच्या फौजा कोकणात उतरल्या म्हणून ही मोहीम आवरती घ्यावी लागली. चौल वाचले, पण उत्तरेतली ठाणी आपल्या बळावर राखता येत नाहीत, हे गोव्याला कळून चुकले.

१७३७ मध्ये चिमाजी आप्पांनी साष्टीवर स्वारी केली आणि दोन वर्षांच्या झुंजीनंतर मे १७३९ मध्ये वसई शरण आली. त्याच काळात सुभानराव माणकर यांच्या फौजेने कोर्लई-रेवदंडा परिसर वेढला होता, आणि दक्षिणेत व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टी तालुक्यात शिरले होते. गोव्याचे सरकार दोन्हीकडून पेचात सापडले. गोव्याची साष्टी सुटायची असेल तर चौल सोडणे भाग होते. मुंबईच्या इंग्रजांच्या मध्यस्थीने बोलणी झाली आणि १७४० च्या तहान्वये रेवदंडा आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे सोपवण्यात आला. सव्वादोनशे वर्षांची सत्ता येथे लढाईने संपली नाही. ती एका देवाणघेवाणीत संपली. कोर्लईच्या बुरुजांची संतांची नावे जाऊन गणेशासारखी नवी नावे त्यांना मिळाली. पोर्तुगीजांच्या हाती उत्तरेत दमण आणि दीव एवढेच राहिले.

राजकीय इतिहास येथे थांबतो आणि गावाचा इतिहास सुरू होतो. ज्यांच्याकडे जहाजभाडे, जमीनजुमला किंवा गोव्यात नातेवाईक होते, ते अधिकारी, व्यापारी, धर्मसंघांचे पाद्री आणि वरच्या थरातील ख्रिस्ती कुटुंबे निघून गेली. रेवदंड्याच्या मठांची छपरे कोसळली, दगड इतर बांधकामांसाठी उचलले गेले, आवारांत माड लागले. मागे राहिले ते ज्यांना जायला जागा नव्हती असे गरीब कष्टकरी, ज्यांच्या पूर्वजांनी मालकांच्या घरी आणि शेतांत राबून दिवस काढले होते. ते कोर्लईच्या डोंगराखाली एकत्र राहिले. त्यांचा किल्ल्याशी संबंध संपला होता, देवळाशी मात्र संपला नव्हता. गावाच्या जीवनाचा कणा यापुढे किल्ल्यातून पायथ्याच्या देवळात आला.

पोर्तुगीज गेल्यावर पोर्तुगीजजन्य बोली एक-दोन पिढ्यांत विरून जायला हवी होती. वसई आणि मुंबईत तसेच घडले; तेथील बोली मराठी आणि इंग्रजीपुढे हळूहळू मावळल्या. दमण-दीवमध्ये त्या टिकल्या, पण तेथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलच होता. कोर्लईत तसा कोणताही आधार नसताना ती कशी राहिली, याचा खुलासा मुख्यत्वे समाजरचनेत सापडतो. ख्रिस्ती झाल्यामुळे या कुटुंबांचा हिंदू जातींशी रोटीबेटी व्यवहार बंद होता. कोळी, आगरी, मुसलमान आणि आजूबाजूच्या गावांतील बेने इस्रायल यांच्यात राहूनही लग्नसंबंध आपल्यातच होत. त्यांचे मूळ समाजाच्या तळाशी असल्याने दूरच्या वरिष्ठ ख्रिस्ती कुटुंबांशीही सोयरीक जुळत नसे. उत्तरेला खाडी होती आणि ती ओलांडायला तर होती, दक्षिणेला मुरूडकडे जाणारी डोंगराळ वाट होती. बाहेरच्यांशी मराठी बोलायची आणि उंबरठ्याच्या आत आपली भाषा, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. समाजातील सर्वांत दुर्बळ गटाला जातिव्यवस्थेने जे एकटेपण लादले, त्यानेच त्यांची भाषा राखली, ही गोष्ट समाधानाने सांगण्यासारखी नाही. परंतु ती टाळून कोर्लईचा इतिहास सांगता येत नाही.

दुसरे कारण देवळाच्या कारभारात होते. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील देशांत देवळे बांधण्याचा, त्यांचा खर्च चालवण्याचा आणि धर्माधिकारी नेमण्याचा जो अधिकार दिला होता, त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणतात. पुढे रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्वतःचे खाते स्थापन केले आणि या दोन अधिकारांत भारतभर दीर्घ कलह चालला. मुंबईत तर एकाच वस्तीत दोन बिशपांची देवळे शेजारी शेजारी उभी होती. या वादाचा कोर्लईवर झालेला परिणाम असा की राजा गेला तरी देवळाचा धागा गोव्याशी जुळलेला राहिला. १८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यातील करारान्वये पाद्रोआदोच्या उत्तरेकडील देवळांसाठी दमणचा धर्मप्रांत स्थापन झाला, १९२८ मध्ये तो विसर्जित होऊन त्याचा ब्रिटिश हद्दीतील भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात विलीन झाला. तरीही मुंबईच्या आर्चबिशपपदावर पाळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश व्यक्ती नेमण्याचा संकेत १९५० पर्यंत राहिला. त्या वर्षी पोर्तुगालने हा हक्क सोडला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. या साऱ्या काळात कोर्लईला पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येत राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये होई, पण प्रार्थना, प्रवचने आणि पाद्रीबाबांशी बोलणे यांत पोर्तुगीज ऐकू येई. गावकऱ्यांची बोली त्या भाषेहून कितीतरी वेगळी झालेली असली, तरी देवळात तिच्या कुळातली भाषा मानाने उच्चारली जात होती. लहान बोलीला असा मान मिळणे ही किती मोठी गोष्ट असते, हे ती टिकल्यावरूनच कळते.

१८१८ मध्ये पेशवाई संपून हा प्रदेश इंग्रजी सत्तेच्या कक्षेत आला तेव्हा किल्ल्याला लष्करी महत्त्व उरले नव्हते. मुंबईच्या जोझे गर्सन द कुन्या यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ लिहिला, १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरने किल्ल्याचे दरवाजे, बुरूज आणि शिलालेख तपशीलवार टिपले. गोव्याचे भाषापंडित मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये उत्तर किनाऱ्यावरील पोर्तुगीजजन्य बोलींवर लिहिले. तरी कोर्लईची बोली स्वतंत्रपणे अभ्यासकांच्या नजरेत यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आधी रुमानियन भाषावैज्ञानिक लौरेंत्सिउ तेबान यांनी आणि मग अमेरिकेचे जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा अभ्यास केला. क्लेमेंट्स यांचा या भाषेच्या जडणघडणीवरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

गावकरी या बोलीला ‘क्रिस्ती’ किंवा ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. तिची बहुतेक शब्दसंपत्ती पोर्तुगीज आहे, पण वाक्यरचना मराठीच्या सहवासात पार बदलली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. क्रिस्तीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटाकडे सरकले आहे. याहून सूक्ष्म उदाहरण क्रियापदांच्या गणांचे आहे. पोर्तुगीजमधील क्रियापदांचे आ, ए आणि ई असे तीन गण क्रिस्तीने राखले आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी उकारान्त असा चौथा गण स्वतः तयार केला. मराठी शब्द मुक्तपणे घ्यायचे, पण ते आपल्या व्याकरणात बसवूनच घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. मराठीशी शतकानुशतके रोजचा व्यवहार असलेल्या, तरीही तिच्यात विरघळून न गेलेल्या समाजाचा सारा इतिहास व्याकरणाच्या या एका नियमात साठलेला आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

विसाव्या शतकात गावाभोवतीची कुंपणे एकामागून एक गळाली. प्राथमिक शाळा आली आणि शिक्षणाचे माध्यम मराठी झाले. मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि घरकाम यांनी तरुणांना बाहेर नेले. १९५५ मध्ये डोंगराच्या समुद्राकडील अंगाला दीपगृह उभे राहिले. त्यानंतर देवळातच बदल झाला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासना लोकांच्या भाषेत करण्यास परवानगी दिली, आणि कोर्लईत लॅटिन व पोर्तुगीजच्या जागी मराठी आली. लोकांना कळणारी भाषा देवळात आणणे हा या सुधारणेचा हेतू होता, आणि तो उदात्त होता. कोर्लईत मात्र तिने मराठीला वेदीवर बसवले आणि घरातली भाषा होती तेथेच उंबरठ्याच्या आत राहिली. तिला लिपी नव्हती, छापील प्रार्थनापुस्तक नव्हते, आणि गावाबाहेरून आलेल्या धर्मगुरूला ती येतही नव्हती. त्यामुळे या निर्णयाचा दोष कोणाकडे जात नाही. पण ज्या संस्थेने सव्वादोनशे वर्षे नकळत या बोलीला आधार दिला, तिचा आधार याच टप्प्यावर सुटला. १९८० च्या दशकात कुंडलिकेवर पूल झाला, रेवदंडा आणि अलिबाग जवळ आले, तरीतून खाडी ओलांडण्याची गरज संपली. दवाखाना, बाजार, महाविद्यालय आणि नोकरी यांच्या दृष्टीने पुलाचे महत्त्व गावकऱ्यांना पुरते ठाऊक आहे आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही.

आज क्रिस्ती बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास सांगितली जाते. मुले शाळेत मराठी शिकतात, अनेक जण इंग्रजीकडे वळतात, आणि लग्नसंबंध गावाबाहेर जुळू लागल्याने काही घरांत आईची आणि बापाची भाषा एक राहिलेली नाही. ज्या सामाजिक विलगतेने भाषा राखली ती सैल होत आहे, हे माणसांच्या दृष्टीने चांगलेच झाले. त्यामुळे ती भाषा टिकवायची तर आता ती सक्तीच्या एकाकीपणातून टिकणार नाही, स्वतःच्या इच्छेने बोलणाऱ्यांच्या बळावरच टिकेल. कोर्लईला येणारे पर्यटक दीपगृहापाशी गाडी लावतात, किल्ल्यावर चढतात, शिलालेखांची छायाचित्रे घेतात आणि संध्याकाळी काशीदच्या किनाऱ्याकडे निघतात. किल्ल्याची डागडुजी, त्याचे संरक्षण, त्याची माहिती देणारे फलक यांसाठी वेळोवेळी मागणी होते आणि ती रास्तही आहे. मात्र पायथ्याच्या वस्तीत जे वृद्ध स्त्रीपुरुष अजून क्रिस्तीतून गोष्टी सांगतात, गाणी म्हणतात आणि आपली नातीगोती मोजतात, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून देवनागरीत लिहून ठेवण्याचे काम मराठी विद्यापीठांनी आणि महाराष्ट्रातील अभ्यासकांनी हाती घेणे हे त्याहून निकडीचे आहे, कारण आजवरचा या भाषेचा बहुतेक अभ्यास इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये झाला असून जिच्या शेजारी ती वाढली त्या मराठीत तिच्याविषयी फारच थोडे वाचायला मिळते.